आठ तासांची मुंबई

मॉरीन बोटीनं जगप्रवासाला निघाली.
बोट मुंबईला थांबणार आठ तास.
कुंपणावरून विचारलंन,
सुझी, काय काय बघू गं?
(सुहासिनी तिच्या जिभेला लांब पडतं.)

औषधाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर
मी यादी करायला बसले.
गेटवे. ते काय, उतरलं की नाकासमोर.
म्युझियम, घुमटवालं. पुढे लिहिलं, आत गार असतं.
राणीची बाग, आणि पेन अडलं.
आम्ही गेलो की तिथला पाणघोडा
नेमका बुडालेला असायचा.
दोन नाकपुड्या, बस्स,
एवढाच पाणघोडा पाहिलाय मी आयुष्यात.
हे कसं लिहायचं?
म्हातारीचा बूट. मॉरीन एकाहत्तरची. खोडला.
हँगिंग गार्डनमध्ये काही लटकत नाही,
हेही सांगून ठेवलं,
नंतर भांडण नको.

मग घारापुरी.

माझे अण्णा एकतीस वर्षं
लाँचच्या फळीपाशी उभं राहून
तिकिटं फाडत.
बोटांना डिझेलचा वास,
खिशात परक्या लोकांच्या सहलींचे कोपरे.
आम्ही मागे लागायचो, न्या ना.
रविवारी म्हणत, आज गर्दी.
सोमवारी अण्णा घरी, तर लेणीच बंद.
बाकीचे दिवस आमची शाळा.
"लेणी काय पळून जातात का?"

नाही पळाली.
अण्णा गेले. मी लग्न होऊन ग्रिम्झबीला आले.
घारापुरी पाहिली ती इथं,
दंतवैद्याकडच्या जुन्या मासिकात,
मधल्या मुखाच्या नाकावर
कुणाच्या तरी कॉफीचा गोल डाग.

यादीत लिहिलं, घारापुरी, बोटीनं एक तास, चुकवू नकोस.
न पाहिलेलं इतकं ठासून लिहिताना
हात जरा चोरटा झाला.

एप्रिलात मॉरीन परतली, नाक सोलवटलेलं.
म्युझियम राहिलं. बाग राहिली.
घारापुरीला मात्र गेली.
पायऱ्या मोजल्या, दोनदा चुकली,
माकडानं चष्म्याची डबी पळवली.
आणि तो तीन तोंडांचा देव!
डावीकडचा अगदी आमचा कीथ,
जेवायला उशीर झाल्यावरचा.
मी चहा ओतत होते.
हो ना, म्हणत होते, हो ना.
मग किटली खाली ठेवली
आणि म्हटलं, मॉरीन, मी नाही पाहिलेलं ते.

ती हसली नाही.
पर्स उपसून तिनं तिकीट काढलं,
चुरगळलेलं, एक कोपरा गेलेला.
ठेव तुला, म्हणाली.
फाडणारा कसा होता दिसायला?
कोण बघतं गं, मॉरीन म्हणाली.
एक हात होता.

काल दोघी क्लीथॉर्प्सला गेलो.
तिथं समुद्राकाठच्या वाटेत
एक पोलादी पट्टी बसवलीय, शून्य रेखांशाची.
पृथ्वीचे दोन भाग, आणि मधून कुत्री फिरवणारी माणसं.
मॉरीनचा जन्म इथला, शाळा इथली,
कीथ पुरला तोही इथंच,
आणि पट्टी कधी पाहिली नव्हती.
पळून थोडीच जाते, म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

ओहोटी होती. हंबरचा चिखल
पार आभाळापर्यंत गेलेला.
एक पाय पूर्वेत, एक पश्चिमेत ठेवून
ती उभी राहिली, फोटो काढ म्हणाली.
काढला. अर्ध्यात माझा अंगठा आला.

मग बाकावर बसून चिप्स खाल्ल्या.
एक सीगल नजर लावून,
एकेक पाऊल जवळ येत होता.
हुबेहूब तिथली माकडं, मॉरीन म्हणाली.
असतील बाई.
मी कुठं पाहिलीत?